पत्र्याखालचं तरट

भोरच्या पेठेत रिकामी पोती कोण नेतं असं कुणी विचारलं, तर दुकानदार मान वर न करता सांगत, मिस्तरीण. मिस्तरीण म्हणजे दिलावर मिस्तरीची बायको सकिना. ती तांदळाचं पोतं घेई, साखरेचं घेई, शेंगांचंही घेई; पण मिठाचं पोतं कुणी फुकट देऊ केलं तरी हात लावत नसे. मिठाचं पोतं ओढ्यावर दहा वेळा आपटून धुतलं तरी पावसाळ्यात ते गार पडतं, हाताला चिकट लागतं. तिच्या कामात तसलं पोतं चालण्यासारखं नव्हतं.

काम म्हणजे पोती उसवायची, धुवायची, वाळवायची, एकाला एक जोडून खोलीएवढं तरट शिवायचं आणि त्यावर तापवलेल्या डांबराचे दोन हात द्यायचे. घराच्या मागे तीन दगडांवर तिची डांबराची कढई असे. सडकेच्या कामावरून उरलेलं डांबर दिलावर आणून देई. त्या डांबरानं तिची नखं कायमची काळी झाली होती. लग्नाकार्यात बायका मेंदी लावायला बसल्या की ती हात पदराखाली घेऊन बसे आणि कुणी फारच आग्रह केला तर म्हणे, "माजी आधीच रंगलीय."

दिलावर घरांवर पत्रे टाकायचा. तरुणपणी तो पुण्याला लष्करातल्या बंगल्यांच्या कामावर होता. तिथं त्यानं एक गोष्ट पाहून ठेवली होती. उघड्या पत्र्याला थंडीत घाम येतो. घरातली ऊब, चुलीचा वाफारा वर चढतो, गार पत्र्याला लागतो आणि थेंब होऊन परत खाली येतो. म्हणून वाफ पत्र्यापर्यंत जाऊच द्यायची नाही. पत्र्याखाली वाशांना धरून, एक सुईएवढी जागा न सोडता, डांबरी तरट ताणून बसवायचं. ते तरट शिवायचं काम लग्नानंतर सहा महिन्यांत सकिनाकडे आलं आणि तिच्याकडेच राहिलं. तिचे वडील भिस्ती होते, पाण्याच्या कातडी पखाली स्वतः शिवत. शिवण कशी झाकायची, सुईनं पाडलेलं भोक दोऱ्यानं कसं भरून काढायचं, हे ती वडिलांच्या शेजारी बसूनच शिकली होती. तिचा टाका दुहेरी असे, आणि दर हातभर अंतरावर ती गाठ मारी, म्हणजे एक टाका सुटला तरी पुढचे उसवत जाऊ नयेत.

पण तिचं काम कुणाला दिसत नसे. सडकेवरून जाणारा माणूस चमकणारा पत्रा बघून म्हणे, मिस्तरीनं काम झकास केलंय. घरातला माणूस वर बघे तेव्हा त्याला एक काळं कापड दिसे. दिलावरही काम ठरवताना पत्र्याबद्दल घटकाभर बोले आणि शेवटी म्हणे, "आन् खाली तरट येतं." जणू ते आपोआप येतं.

अडतीस साली उन्हाळ्यात मार्गासनीला मानसिंगच्या घरावर त्यांनी पत्रा टाकला. वेल्ह्याकडच्या पावसात दर दोन वर्षांनी गवतानं छप्पर शाकारून मानसिंग कंटाळला होता. त्या आळीतलं ते पहिलं पत्र्याचं घर. पावसाळ्यात महिना महिना ऊन दिसलं नाही, पण घरात एक थेंब आला नाही. पुढच्या उन्हाळ्यासाठी त्याच आळीतल्या आणखी दोन घरांनी दिलावरला शब्द देऊन ठेवला.

आणि पौषात, आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ असताना, निरोप आला की मानसिंगचा पत्रा गळतोय.

दिलावर आधी हसला. पौषात पाऊस कुठला? मग दुसरा निरोप आला तो नसरापूरच्या बाजारातून फिरत फिरत. मानसिंगच्या बायकोला मुलगा झाला होता. घराला सोयर होतं, म्हणून देवपूजेला गावचा चिमाजी गुरव येत होता. त्यानं तीन दिवस लागोपाठ पाहिलं की सकाळी देवीच्या चांदीच्या टाकावर पाणी असतं. वरून टपटप पडतं. ते त्यानं बाजारात चार माणसांत सांगितलं. तेव्हा कुणीतरी विचारलं की ते छप्पर कुणाच्या हातचं. उत्तर ऐकून चार माणसांनी एकमेकांकडे पाहिलं, एवढंच. पण ज्या दोन घरांनी शब्द दिला होता, त्यांनी कळवलं की तूर्त थांबू.

त्या संध्याकाळी दिलावर जेवता जेवता थांबला. पाणी प्याला आणि म्हणाला, "पत्र्यात खोट न्हाई. पावसाळ्यानं ते दावलंय. वाफ वर गेली म्हंजे तरट सुटलंय. तुजा टाका उसवला असंल."

सकिना भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. तेरा वर्षांत तिचा टाका उसवला असं कुणी म्हटलं नव्हतं. चांगला आहे असंही कुणी म्हटलं नव्हतं, पण त्याची तिला सवय होती. याची नव्हती.

दिलावर पुढं म्हणाला की पुण्यात आता तयार डांबरी कागद गुंडाळ्यांनी मिळतो. तो एकटाच जाऊन ते तरट काढील आणि कागद लावील. पुढच्या कामांनाही तोच बरा पडेल. तिच्या हातालाही सुटका होईल.

तव्यावरची भाकरी उलटून ती म्हणाली, "शिवलंय म्या. उसवलं असंल तर म्याच बगीन. म्या येनार."

दुसऱ्या दिवशी दोघं सर्विस मोटारीनं नसरापूर फाट्यापर्यंत गेले. रात्री तिथं दिलावरच्या मावसभावाकडे राहिले आणि मध्यरात्र उलटताच मार्गासनीला जाणाऱ्या गाडीत बसले. सकिनाच्या मांडीवर फडक्यात गुंडाळलेलं दाभण, सुतळीचं गुंडाळं आणि डबीतलं डांबर होतं. गाडीवान म्हणाला की वहिनी, माहेरी चालल्यासारखं गाठोडं धरून बसलात. ती हसली नाही. सबंध वाटेवर ती मनातल्या मनात ते तरट पुन्हा शिवत होती. कुठल्या कोपऱ्यात पोतं जुनं होतं, कुठं सुतळी संपली म्हणून नवी जोडली, माजघरावरची मधली शिवण आपण उन्हात घाईनं घातली का. तिला आठवत नव्हतं, आणि आठवत नाही याचंच तिला भय वाटत होतं.

मानसिंगचं घर तीन खणांचं. पुढं ओटी, मध्ये माजघर, त्यात भिंतीशी देव्हारा, आणि बाजूला चुलीची खोली. ती खोली आता बाळंतिणीला दिली होती. मानसिंगची बायको ठकु हिला माहेरी आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच झालं होतं. आज सातवा दिवस. तिची सासू सगुणाबाई साठीची, वाळलेल्या शेंगेसारखी बाई, पण आवाज असा की शेतातल्या माणसाला घरातून हाक मारावी. बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून तिनं दाराला घोंगडी लावली होती, भिंतीतलं धुराडं पेंढ्यानं बुजवलं होतं. आत पहाटेपासून रात्रीपर्यंत हंड्यात पाणी उकळत असे. बाळंतिणीच्या न्हाणीला, बाळाच्या न्हाणीला, शेकाला. विस्तवावर पाटी पालथी घालून बाळाच्या लंगोट्या वाळत असत. खोलीच्या भिंती वाशांपर्यंत चढवलेल्या नव्हत्या. तिथली सगळी ऊब भिंतीवरून माजघरात उतू जात होती.

सूर्य वर यायच्या आत दिलावर आणि मानसिंगनं माजघरावरचा एक पत्रा उचलला. पत्र्याची आतली बाजू दवानं भरलेल्या पानासारखी थेंबाथेंबांनी डवरली होती. खाली तरटाच्या वरच्या अंगाला पाणी साचून घडीघडीतून वाहत होतं. दिलावरनं खाली सकिनाकडे पाहिलं. आता बोलायला काही उरलेलं नाही असा तो चेहरा होता. वाफ तरटाच्या वर गेली होती. म्हणजे तरट कुठंतरी उघडं होतं.

सकिना सगुणाबाईला म्हणाली की मला आतून बघायचंय, खालून.

ओटीवर चिमाजी गुरव पूजा आटोपून बसला होता. त्यानं मान वर केली. तरट बसवलं तेव्हा सकिना त्या माजघरात चार दिवस वावरली होती, पण तेव्हा घर रिकामं होतं, देव शेजारी ठेवलेले होते. आता देव्हाऱ्यात देव होते. सगुणाबाईनं एकदा चिमाजीकडे पाहिलं, एकदा सकिनाच्या काळ्या बोटांकडे. मग तिनं पदर खोचला.

"आमीच सोयरात हाय," ती म्हणाली. "मलाच दहा दिस देवाला शिवायचं न्हाई. तुज्यानं आनिक काय इटाळ व्हायचाय? ये आत. पर त्या समईला धक्का लावू नगंस."

चिमाजीनं मान परत खाली घातली. त्यानं पानाची चंची काढली.

सकिनानं चुलीतली कोरडी, मऊ राख परातीत घेतली. शिडी देव्हाऱ्याच्या बाजूला भिंतीला टेकवली आणि वर चढून तरटाच्या मधल्या शिवणीवर मूठमूठ राख थापली. पखालीची परीक्षा तिचे वडील अशीच करत. ओल असेल तिथं राख काळवंडते, नसेल तिथं पांढरी राहते. ती शिवणीवरून बोट फिरवत गेली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. राख पांढरीच राहिली. ती उतरली, शिडी सरकवली, परत चढली. दुसरी शिवण. पांढरी.

मग उरलेली राख तिनं मधल्या पोत्यांवर थापली, आणि देव्हाऱ्याच्या अगदी वर, शिवणीपासून चांगलं दोन हात दूर, सबंध पोत्याच्या मधोमध, राखेत एक काळा ठिपका उमटला. शेजारी दुसरा. तिसरा. कमानीसारखे ओळीनं. तिनं एकात बोट घातलं. ते पेरापर्यंत आत गेलं आणि ओलं होऊन बाहेर आलं. भोकाची कड खाली ओघळलेली होती, कुणी जड काही टांगून ठेवल्यासारखी. शेवटच्या भोकाच्या कडेला दोऱ्याचं एक टोक अडकलं होतं आणि त्याला एक वाळून कोळ झालेलं कारळ्याचं फूल.

तिनं भोकं मोजली. नऊ.

आश्विनात घट बसतात तेव्हा घटावर रोज एक माळ चढते. या बाजूला कारळ्याच्या पिवळ्या फुलांची माळ वरून घटावर सोडतात. नऊ दिवसांच्या नऊ, आणि दसऱ्यापर्यंत त्या तशाच लोंबत राहतात. गवताचं छप्पर होतं तेव्हा माळ सरळ वाशाला बांधायची. आता वासा तरटाआड झाकला गेला होता.

बाहेर ओटीवर दिलावर मानसिंगला हळू आवाजात सांगत होता की बाईमाणसाचं शिवणकाम सगळं सारखं येत नाही. तो पुण्याहून कागद आणील. घर मोकळं झालं की दोन दिवसांचं काम. ते शब्द शिडीवर स्पष्ट ऐकू येत होते.

सकिना शिडीवर तशीच उभी राहिली. ती बाहेर जाऊन म्हणू शकत होती की भोकं माळांनी पाडलीत. पण ते कुणाच्या तोंडून निघतंय आणि ओटीवर कोण बसलंय, हे तिला कळत होतं. देवीआईच्या माळेनं घर गळतंय असं मिस्तरीण म्हणाली. हे नसरापूरच्या बाजारात किती दिवसांत जाईल, तेही तिला माहीत होतं. आणि गप्प राहिलं तर टाका तिचा उसवला होता, आज आणि कायमचा.

ती उतरली आणि सगुणाबाईजवळ गेली. "मावशी, म्या शिडी धरते. तुमी जरा वर येऊन बगता?"

सगुणाबाई म्हणाली की माझे गुडघे गेलेत, डोळे गेलेत, वर येऊन मी काय बघणार.

"डोळं नगंत. बोट घाला."

सगुणाबाई कुरकुरत चार पायऱ्या चढली. सकिनानं तिच्या कमरेला हात दिला आणि दुसऱ्या हातानं तिचं मनगट धरून ते पहिल्या भोकाशी नेलं. मग सोडून दिलं. पुढचं भोक सगुणाबाईनं आपणच शोधलं. तिचे ओठ हलत होते. सातव्यापाशी ते थांबले. आठवं, नववं तिनं बोट न घालता नुसतं चाचपलं. नवव्यावरचं वाळकं फूल तिच्या हातात आलं.

तिनं ते मुठीत धरलं. आत बाळ रडायला लागलं, ठकुनं त्याला उचललं, ते गप्प झालं.

"खिळं मारायला म्याच सांगितलं व्हतं," शेवटी सगुणाबाई म्हणाली. "दसरा झाल्यावर मानसिंगनं उपसून औताच्या डब्यात टाकलं. म्हनलं, लोखंड कशाला वाया घालवायचं." ती खाली उतरली, जमिनीवर बसली. "पर एक सांग. भोकं आमची आसंनात. पानी कुठलं? वर तर पाऊस न्हाई."

सकिना बाळंतिणीच्या खोलीच्या दारापाशी गेली आणि ठकुला हंड्यावरची झाकणी मागितली. ठकुनं घोंगडीच्या फटीतून ती तशीच बाहेर दिली. सकिनानं ती सगुणाबाईपुढं उलटी केली. आतली बाजू थेंबांनी भरलेली होती. एक थेंब ओघळून सगुणाबाईच्या लुगड्यावर पडला.

"ह्यो तुमचा पाऊस," सकिना म्हणाली.

सगुणाबाईनं लुगड्यावरचा थेंब बघितला, हंड्याच्या खोलीकडे बघितलं, वर बघितलं. नवरात्र पावसाच्या शेवटी गेलं, तेव्हा भोकं होती पण घर उघडं होतं, धुराडं उघडं होतं. आता घर बंद, पाणी दिवसभर उकळतंय, आणि रात्री पत्रा बर्फासारखा. हे तिनं मोठ्यानं बोलून एकेक लावून पाहिलं, भाताच्या पेंढ्या मोजाव्यात तसं. मग तिनं तिच्या त्या शेतात ऐकू जाणाऱ्या आवाजात मानसिंगला आत बोलावलं, दिलावरला बोलावलं, आणि चिमाजीलाही उंबऱ्यापर्यंत यायला सांगितलं.

"मिस्तरीनीचा टाका कोरडा हाय," ती म्हणाली. "म्या हात लावून बगितलाय. भोकं आमची. आईच्या माळंला म्या पाडायला सांगितली."

दिलावरनं सकिनाकडे पाहिलं नाही. तो तरटाकडे बघत होता, राखेनं पांढऱ्या पडलेल्या त्या दोन सरळ रेघांकडे.

चिमाजी खाकरला. मग देवीवर पाणी पडत होतं ते, असं तो विचारायला लागला.

"बाळंतिनीच्या न्हाणीचं," सगुणाबाई म्हणाली. "नसरापूरला पहिली बातमी तुमी दिलीसा. ही बी तुमीच द्या. पुडल्या बाजारला जाल तवा."

चिमाजीनं मान डोलावली. त्यानं ती बातमी खरंच दिली असावी, कारण शिमग्याच्या आत त्या दोन घरांपैकी एका घराचा निरोप पुन्हा आला. दुसरं घर मात्र आलं नाही. त्यांनी शेवटी कौलं घातली.

त्या दिवशी दुपारभर सकिना शिडीवर होती. प्रत्येक भोकावर तिनं तरटाचं ठिगळ शिवलं, वरून डांबर दिलं. मानसिंगकडून तिनं एक सरळ बांबू मागून घेतला आणि देव्हाऱ्यावर, तरटाच्या वीतभर खाली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आडवा बसवला, माळा बांधायला. धुराड्यातला पेंढा काढायचा म्हटल्यावर सगुणाबाई अडून बसली. बाळंतिणीला वारं लागलं तर तू येशील का निस्तरायला, असं तिनं विचारलं. शेवटी दुपारच्या उन्हात दोन घटका उघडायचं, तेवढा वेळ आई-बाळावर घोंगडी घालायची, असं ठरलं. आतून ठकु पहिल्यांदाच बोलली, "मिस्तरीनताई, आता उगडलं तरी चालंल. लई गुदमरतंय."

काम संपत आलं होतं. सकिना शेवटची म्हणून भिंतीलगतच्या शिवणीवरून बोट फिरवत होती आणि बोट थांबलं. तिथं एक टाका ढिला होता. उन्हात घाईनं घातलेला, सुतळी जोडली होती तिथलाच. डांबरानं धरून ठेवला होता. राख तिथंही पांढरीच होती. पण ओढला तर हलत होता.

खाली सगुणाबाई मानसिंगला मिस्तरीणीसाठी दुधाची चरवी भरायला सांगत होती. सकिनानं दाभण घेतलं, तो टाका घट्ट केला, गाठ मारली, वर डांबराचा ठिपका दिला. कुणाला काही बोलली नाही.

परतीच्या गाडीत दिलावरनं डांबराची डबी आणि दाभण आपल्या पिशवीत ठेवलं. जाताना ते तिच्या मांडीवर होतं. तो एवढंच म्हणाला की पुण्याचा कागद बहुतेक थंडीत तडकतो. तो कागद त्यानं कधी आणला नाही.

त्यानंतर नव्या घरी दिलावर मापं घ्यायला लागला की सकिना आधी घरातल्या जुन्या बाईला गाठी. चूल कुठं, देव कुठं, माळ कशाला बांधता, पाळणा कशाला टांगता, बाळंतपण कुठल्या खोलीत होतं. तरट वर चढवण्याआधी ती त्या बाईला अंगणात बोलावून शिवण दाखवी, हात लावायला सांगे. दिलावर मापाची दोरी धरून उभा राही, कुरकुर करी, पण थांबे.

मग लढाई आली आणि पत्रा मिळेनासा झाला. त्रेचाळीस सालची थंडी. दिलावर लोकांची जुनी कौलं परतून देत होता आणि सकिना घरी बसून धान्याची फाटकी पोती शिवून देत होती. एका संध्याकाळी दाभणात सुतळी ओवता ओवता तिनं त्याला सांगितलं. मार्गासनीच्या घरी एक टाका खरंच ढिला होता.

दिलावरनं विचारलं, "कुठला?"

"चुलीच्या भिंतीकडंचा. सुतळी जोडली व्हती तिथं."

कंदिलाची वात त्यानं थोडी वर केली.

"राख कशी व्हती?"

"पांडरी."

"मग झालं," तो म्हणाला आणि तिच्या हातातलं दाभण घेऊन, तिला दिसत नव्हतं म्हणून, स्वतः सुतळी ओवून दिली.